व्हिक्टोरिया एम्बँकमेंट, लंडन

टेम्स नदीच्या उत्तर काठावरील ग्रॅनाइटची भिंत आणि तिला लागून गेलेला रस्ता. वेस्टमिन्स्टर पूल ते ब्लॅकफ्रायर्स पूल हा तिचा पल्ला. लांबी सुमारे 2 किमी. बांधकामाचा काळ 1864–70, मुख्य अभियंता जोसेफ बॅझलजेट (1819–91). पाहणाऱ्याला ही नदीकाठची शोभा वाटते. मुळात मात्र ती शहराचा मैला वाहून नेणाऱ्या गटाराची तटबंदी आहे.

समुद्राची भरती लंडनच्या पार आत येते आणि पाण्याची पातळी 6 ते 7 मीटरने चढते-उतरते. ओहोटीला इथे रुंद चिखल उघडा पडे. काठाने वखारी आणि माल उतरवण्याचे धक्के होते, आणि शहराची गटारेही याच काठावर तोंडे उघडत. सलग धक्क्याची कल्पना जुनी. 1666च्या आगीनंतर ख्रिस्तोफर रेनने ती मांडली होती. पण खासगी धक्क्यांचे मालक आणि खर्च यांपुढे काही हलेना. 1858च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी इतकी वाढली की संसदेचे पडदे क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात भिजवावे लागले. मग मात्र त्याच वर्षी नव्या गटारांसाठी कायदा झाला.

दुर्गंधीतून पटकी पसरते, असा तेव्हाचा समज होता. तो चुकीचा होता. दूषित पाण्याकडे जॉन स्नोने 1854मध्येच बोट दाखवले होते. गटारांचा उपाय तरीही लागू पडला. 1866ची साथ भडकली ती पूर्व लंडनमध्ये, जिथे नवी गटारव्यवस्था अजून पुरी झाली नव्हती.

वाहत्या, चढत्या-उतरत्या पाण्यात पाया घालणे हे सर्वांत अवघड काम. बऱ्याच भागात लाकडी खांबांच्या दोन रांगा नदीच्या तळात ठोकून मधे चिकणमाती ठासली; काही ठिकाणी लोखंडी पेट्या बुडवल्या. आतले पाणी उपसून कोरड्यात पाया बांधला. गाभा काँक्रीट आणि विटांचा, दर्शनी बाजू घडीव ग्रॅनाइटची. पोर्टलंड सिमेंट तेव्हा नवखे होते; ते तपासून घेण्याचा जो कडक शिरस्ता बॅझलजेटच्या खात्याने पाडला, त्याचे मोल भिंतीइतकेच मानावे लागेल. भिंतीमागे वरच्या अंगाला गॅस व पाण्याच्या नळांचा बोगदा, त्याखाली मैलापाण्याचे मोठे गटार आणि आतल्या बाजूला भुयारी रेल्वे. उरलेल्या पोकळीत भराव घालून सुमारे 15 हेक्टर जमीन नदीकडून घेतली. नदी किती मागे सरली याची खूण म्हणजे यॉर्क वॉटरगेट: 1626च्या सुमारास नावेतून उतरण्यासाठी बांधलेली ही कमान आज पाण्यापासून शंभराहून अधिक मीटर दूर, बागेत उभी आहे.

13 जुलै 1870 रोजी रस्ता खुला झाला. कठड्यावरचे माशांनी वेढलेले दिवे जॉर्ज व्हलियामीच्या आराखड्याचे. भिंतीवर नावा बांधायच्या कड्या तोंडात धरलेले काशाचे सिंह आहेत. सिंह पाणी पिऊ लागले की लंडन बुडणार, अशी लोकोक्ती आहे. 1878मध्ये इजिप्तमधून आणलेला ‘क्लिओपात्राची सुई’ हा स्तंभ इथे उभारला गेला.

बॅझलजेटने गटारे त्या काळच्या गरजेहून मोठी बांधली, म्हणून ती दीड शतक टिकली. तरी वाढत्या वस्तीमुळे अतिवृष्टीत मैलापाणी नदीत सोडावे लागे. ते टाळण्यासाठी खोदलेल्या 25 किमी लांबीच्या टेम्स टाइडवे बोगद्याच्या सर्व जोडण्या 2025मध्ये पूर्ण झाल्या. जुने गटार भिंतीमागे आजही वापरात आहे.