घर हीच पाठशाळा : अभिजात गृहशिक्षणाची तोंडओळख

- प्रतिनिधी

मुलांना शाळेत न धाडता घरीच शिकविण्याच्या पद्धतीस इंग्रजीत 'होमस्कूलिंग' म्हणतात. मराठीत तिला गृहशिक्षण म्हणता येईल. अमेरिकेत रुजलेल्या या पद्धतीचे अनेक पंथ आहेत. कोणी शाळेचाच अभ्यासक्रम घरी गिरवून घेतात, कोणी सारे मुलाच्या कलावर सोपवितात, तर कोणी ग्रीक-रोमन परंपरेतून चालत आलेली जुनी शिस्त पुन्हा उभी करू पाहतात. या शेवटच्या पंथास 'क्लासिकल' अर्थात अभिजात गृहशिक्षण असे नाव आहे. लॅटिन, तर्कशास्त्र, वक्तृत्व अशा भारदस्त विषयांमुळे ही पद्धत विद्वानांच्या घरची वाटते. प्रत्यक्षात ती चालते ती स्वयंपाक, धुणीभांडी, रांगते मूल आणि घरातील आजारपणे यांच्या गर्दीत. त्यामुळे तिचे यशापयश अभ्यासक्रमाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, घरातील मोठ्या माणसाला रोज न चुकता किती वेळ देता येतो यावर ठरते.

तीन पायऱ्यांची शिडी

मध्ययुगीन युरोपात सुशिक्षित मनुष्याने सात विद्या आत्मसात कराव्यात, असा दंडक होता. त्यांपैकी व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या पहिल्या तीन विद्यांच्या गटास 'ट्रिव्हियम' म्हणत. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या पुढील चार विद्यांच्या गटास 'क्वाड्रिव्हियम'. आजच्या अभिजात गृहशिक्षणाचा पाया मुख्यतः पहिल्या तिघींवर उभा आहे.

या जुन्या चौकटीला नवा अर्थ दिला तो एका रहस्यकथालेखिकेने. लॉर्ड पीटर विम्झी या गुप्तहेराच्या कथांनी गाजलेल्या इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्ड येथे 'द लॉस्ट टूल्स ऑफ लर्निंग' हा निबंध वाचला. शाळा मुलांना विषय शिकवितात, पण शिकावे कसे हे शिकवीत नाहीत, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्या म्हणजे मुलाच्या वाढीच्याच तीन अवस्था होत, अशी त्यांची मांडणी होती. लहान मूल पोपटासारखे आनंदाने पाठ करते. थोडे मोठे झाले की मोठ्यांच्या बोलण्यातील चुका काढत वाद घालते. आणि पौगंडावस्थेत त्याला स्वतःचे काही सांगावेसे वाटू लागते. ज्या वयात जे आवडते त्याच वयात त्याचा अभ्यास करून घ्यावा, हे या विचाराचे सार.

पुढे अर्धशतकाने, १९९९ मध्ये, जेसी वाइज आणि त्यांच्या कन्या सुसान वाइज बाउर यांचे 'द वेल-ट्रेन्ड माइंड' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतलेल्या जेसी वाइज यांनी आपल्या मुलांना घरी शिकविले होते, तेही हा मार्ग फारसा कोणास ठाऊक नसलेल्या सत्तरच्या दशकात. सेयर्स यांनी कल्पना मांडली. या मायलेकींनी तिचे बारा इयत्तांचे वेळापत्रक केले. पहिली ते चौथी व्याकरणाची, पाचवी ते आठवी तर्काची आणि नववी ते बारावी वक्तृत्वाची, अशी त्यांची वाटणी आहे.

इतिहास हा या रचनेचा कणा होय. प्राचीन काळ, मध्ययुग, आधुनिक युगाचा आरंभ आणि अलीकडचा काळ असे त्याचे चार भाग पाडून दरवर्षी एक शिकविला जातो. चार वर्षांनी चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अशा रीतीने मूल बारा वर्षांत जगाचा इतिहास तीनदा वाचते : प्रथम गोष्ट म्हणून, नंतर कार्यकारणभाव शोधीत, आणि अखेरीस मूळ ग्रंथांच्या आधारे स्वतःचे मत मांडीत. विज्ञानासही असेच चक्र लावलेले आहे. जीवशास्त्र, भूविज्ञान व खगोल, रसायन आणि भौतिकशास्त्र असा तो क्रम.

प्राथमिक वर्षांतील साधने मराठी वाचकास परकी वाटू नयेत. चांगल्या गद्याचा उतारा वळणदार अक्षरात उतरवून काढणे, ऐकून लिहिणे आणि वाचलेले पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत सांगणे, ही ती साधने होत. पहिल्या दोहोंना आपण शुद्धलेखन आणि श्रुतलेखन म्हणतो. तिसऱ्यावर विशेष भर दिला तो शार्लट मेसन (१८४२-१९२३) या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ विदुषीने. लहान मुलांचा कोणताही पाठ पंधरा-वीस मिनिटांहून लांबू नये आणि उरलेला वेळ मोकळ्या हवेत जावा, हा त्यांचा आग्रह अनेक अभिजात गृहशाळांनी स्वीकारला आहे.

दिनक्रमाची कसोटी

कागदावरील वेळापत्रक घरात आले की त्याची खरी परीक्षा सुरू होते. तीन मुले, तीन इयत्ता आणि शिकविणारी एकच व्यक्ती, हे अशा घरांतील नेहमीचे चित्र. त्यावर या कुटुंबांनी काही उपाय शोधले आहेत. इतिहास, विज्ञान आणि मोठ्याने वाचन हे विषय सर्वांना एकत्र शिकविले जातात. एकाच पाठावर धाकटा चित्र काढतो आणि थोरली टिपण लिहिते. गणित आणि भाषा मात्र प्रत्येकाला स्वतंत्र शिकवाव्या लागतात. म्हणून घरात शांतता असेल तो सकाळचा वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवतात. पाठांतर न्याहरीच्या वेळी अथवा मोटारीतून जाता-येता उरकले जाते.

दुसरी युक्ती फिरत्या क्रमाची. चित्रकला, भूगोल, संगीत अशा विषयांना ठराविक वार न देता त्यांची यादी करायची आणि जेथे थांबलो तेथून दुसऱ्या दिवशी पुढे जायचे. एखाद्या दिवशी घरात ताप शिरला किंवा पाहुणे आले, तरी तोच तो विषय दर आठवड्यास बुडत नाही. 'आज राहिलेले उद्या दुप्पट' ही वृत्ती अशा घरांत फार काळ टिकत नाही. काही दिवस पूर्ण वाया जाणार, हे गृहीत धरूनच वर्षाची आखणी करावी लागते.

या साऱ्याची किंमतही असते. शिकविण्याची जबाबदारी बहुधा आईवर पडते आणि तिची नोकरी सुटते किंवा अर्धवेळ होते. शिक्षिका आणि आई या दोन भूमिका एकाच स्त्रीकडे आल्या की गणितातील चुकीवरून झालेला वाद रात्रीच्या जेवणापर्यंत रेंगाळतो. तर्काच्या पायरीवर मुले आईवडिलांच्याच मतांना आव्हान देऊ लागतात, हा तर या पद्धतीचा हेतूच होय. तो पेलण्याची तयारी प्रत्येक घरात असतेच असे नाही.

अमेरिकेतील कायदा आणि आकडे

अमेरिकेतील सर्व राज्यांत सक्तीच्या शिक्षणाचे कायदे १९१८ पर्यंत झाले. मुलाच्या शिक्षणाची दिशा ठरविण्याचा पालकांचा अधिकार तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मधील 'पिअर्स' खटल्यात मान्य केला. १९७२ मधील 'योडर' खटल्यात आमिश पंथीयांना आठवीनंतर मुले शाळेत न पाठविण्याची मुभा मिळाली. १९९३ पर्यंत सर्व ५० राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर ठरले. नियम मात्र राज्यागणिक वेगळे आहेत. टेक्सासमध्ये घरीच सुरुवातीपासून शिकणाऱ्या मुलाची सरकारला सूचनाही द्यावी लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये वार्षिक आराखडा, तिमाही अहवाल आणि वर्षअखेरीचे मूल्यमापन सक्तीचे आहे. जर्मनीत मुलांना शाळेऐवजी घरी शिकविण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे.

अमेरिकी शिक्षण खात्याच्या अंदाजानुसार १९९९ मध्ये तेथे सुमारे साडेआठ लाख मुले घरी शिकत होती. २००३ मध्ये ही संख्या सुमारे ११ लाख झाली. करोनाच्या साथीत हे चित्र झपाट्याने बदलले. शाळकरी मुले असलेल्या कुटुंबांपैकी गृहशिक्षण देणाऱ्यांचे प्रमाण २०२० च्या वसंतात ५.४ टक्के होते; त्याच वर्षीच्या शरदात ते ११.१ टक्क्यांवर गेल्याचे तेथील जनगणना विभागाच्या पाहणीत आढळले.

आक्षेप

गृहशिक्षणाच्या उत्तम निकालांचे दाखले नेहमी दिले जातात. तथापि अशा अनेक पाहण्या स्वेच्छेने माहिती देणाऱ्या कुटुंबांवर आधारलेल्या आहेत, आणि ही कुटुंबे बहुधा अधिक शिकलेली असतात. रॉबर्ट कुन्झमन आणि मिल्टन गेथर या अभ्यासकांनी २०१३ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. कौटुंबिक पार्श्वभूमीचा प्रभाव वगळला तर ही मुले भाषेत काहीशी पुढे आणि गणितात काहीशी मागे दिसतात, असा त्याचा कल आहे. भाषा घरातील बोलण्या-वाचण्यातून झिरपते. गणिताला मात्र नेमाने बसावे लागते, अशी याची एक उपपत्ती देता येईल.

सेयर्स यांच्या तीन अवस्था मानसशास्त्रीय प्रयोगांतून निघालेल्या नाहीत, हाही आक्षेप रास्त आहे. पाच वर्षांचे मूल 'का' विचारतेच आणि सोळाव्या वर्षीही पाठांतर करावेच लागते. शिवाय ग्रंथांची यादी पाश्चात्त्य परंपरेकडे झुकलेली असते. सर्वांत गंभीर मुद्दा देखरेखीचा. जेथे कोणताही अहवाल मागितला जात नाही, तेथे मूल खरोखर शिकते आहे की नुसतेच घरी आहे, हे कळण्यास मार्ग उरत नाही.

आपल्याकडील संदर्भ

दिवेलागणीला शुभंकरोतीपाठोपाठ परवचा म्हणणाऱ्या, पावकी-निमकी पाठ असलेल्या पिढ्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. पाठशाळेत अमरकोश आणि रूपावली आधी मुखोद्गत होत, अर्थ मागाहून उलगडे. म्हणून अभिजात पद्धतीची पहिली पायरी आपल्याला ओळखीची वाटते. फरक पुढच्या दोन पायऱ्यांत आहे. पाठ केलेल्या गोष्टीवर प्रश्न विचारणे आणि मग आपले म्हणणे नीट मांडणे, येथपर्यंत मूल पोहोचले नाही, तर उरते ती निव्वळ घोकंपट्टी.

घरच्या शिक्षणाचा एक बोलका दाखला महात्मा गांधींच्या आत्मकथेत सापडतो. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी आपल्या मुलांना प्रचलित शाळांत न घालता घरी शिकविण्याचे ठरविले. जोहान्सबर्ग येथे कचेरीत जाता-येता मुले त्यांच्याबरोबर चालत आणि वाटेवरच्या संभाषणातून शिक्षण होई. परंतु अक्षरशिक्षणासाठी रोज नियमाने एक तासही आपण देऊ शकलो नाही आणि त्याबद्दल मुलांच्या मनात सल राहिला, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. निष्ठा, विद्वत्ता आणि माया तीनही असताना नियमित तास मात्र नव्हता.

भारतातील कायदेशीर स्थिती संदिग्ध आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० नुसार ६ ते १४ वयोगटातील मुलास शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकास शिक्षेची तरतूद नाही आणि गृहशिक्षणाचा उल्लेखही नाही. औपचारिक प्रमाणपत्रासाठी अशी मुले बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट धरतात. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेची दहावीची परीक्षा वयाची १४ वर्षे पूर्ण केल्यावर देता येते. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाचा 'सतरा नंबरचा फॉर्म' हा खासगी उमेदवारांचा मार्गही परिचित आहे. त्याच्या अटी दरवर्षी तपासून पाहाव्यात.

या वाटेचा विचार करणाऱ्या पालकांनी पुस्तकांची यादी करण्यापूर्वी घरातील घड्याळ तपासावे, हे उत्तम. रोज सकाळचे दोन तास कोण देणार, त्या वेळात स्वयंपाक आणि धाकटे मूल कोण सांभाळणार, एक पगार थांबला तर घर कसे चालणार आणि मुलाची प्रगती घराबाहेरील कोणत्या व्यक्तीला दाखविणार, या चार प्रश्नांची उत्तरे पती-पत्नींनी मिळून लिहून काढावीत. दिवाळीची अथवा उन्हाळ्याची सुटी ही रंगीत तालमीस सोयीची. शाळेतून नाव न काढता महिनाभर हा नेम पाळून पाहता येतो आणि तो न जमल्यास मुलाचे वर्षही वाया जात नाही.