कर्जदाराचा कायदा, ठेवीदाराचा प्रश्न

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी भरबाजारात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतपत्रे जाळली. माणसांना फारसा कोणी हात लावला नाही. राग होता तो कागदावर. हा उठाव लवकरच पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या इतर गावांत पसरला आणि इतिहासात 'दख्खनचे दंगे' या नावाने नोंदला गेला.

कागदावर राग का? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली होती. रयतेला जुन्या कर्जातून सोडवावे, हा हेतू चांगलाच होता. पण मुदत संपत आली की सावकार मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेई आणि पुढच्या तीन वर्षांत व्याजावर व्याज चढे. दावा दिवाणी कोर्टात गेला की बहुतेक वेळा रयत हजरच राहत नसे. कोर्ट लांब, भाषा परकी, वकिलाचा खर्च वेगळा. मग एकतर्फी हुकूमनामा होई. दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. खतावर अंगठा आहे म्हणून थांबू नका, मूळ व्यवहार तपासा, असा अधिकार त्याने कोर्टाला दिला आणि कोर्टाबाहेर तडजोड घडवून आणणारे लोकही नेमले.

पतसंस्थेविषयी लिहिताना इतक्या मागे जाण्याचे कारण एकच आहे. आपला सहकाराचा कायदा दिवाणी कोर्टावरच्या या अविश्वासातून वाढला आहे.

कायदा येण्यापूर्वीच, १८८९ मध्ये, बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी 'अन्योन्य सहकारी मंडळी' काढली. पण दहा माणसांनी मिळून पैसा साठवला, तर कायद्याच्या नजरेत ही मंडळी कोण? थकबाकीदारावर दावा कोणी लावायचा? अध्यक्ष वारला तर? आपल्या मोहल्ल्यातल्या भिशीलाही हाच प्रश्न लागू आहे. भिशीचा सारा व्यवहार एका बाईच्या वहीवर आणि तिच्या शब्दावर चालतो. तो शब्द मोडला तर भांडायचे कोणाशी, हे ठरवता ठरवताच वर्ष जाते.

१९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने याचे उत्तर दिले. किमान दहा माणसे, एकाच गावची किंवा एकाच जातीजमातीची, एकत्र येऊन संस्था नोंदवू शकत होती. नोंदणी झाली की संस्था हीच एक व्यक्ती. तिचे स्वतःचे नाव, स्वतःची मोहोर, स्वतःची मालमत्ता. सभासद येवोत जावोत, ती राहते. दावा लावते आणि तिच्यावरही दावा लागतो. आजच्या महाराष्ट्र कायद्यात हेच तत्त्व कलम ३६ मध्ये आहे.

याचे मोल कळण्यासाठी उत्तर हिंदुस्थानातल्या मुस्लिम फंडांकडे पाहावे. व्याज नको म्हणून लोकांनी हे बिनव्याजी फंड उभे केले. देवबंदचा फंड १९६१ चा. दागिना ठेवून घ्यायचा, कर्ज द्यायचे आणि खर्चापुरते शुल्क घ्यायचे, अशी त्यांची रीत. असे अनेक फंड सहकार कायद्याखाली नव्हे, तर १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदले गेले. त्या कायद्यात दावा अध्यक्ष, चिटणीस किंवा विश्वस्तांच्या नावाने चालतो. अशी सोसायटी ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली स्पष्ट केले. हेतू पाक होता, पण संस्थेचे अंग मात्र कमजोर राहिले. धर्माच्या चर्चेत आपण व्याजावर तासन् तास बोलतो. नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

१९१२ च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले. संस्थेच्या कामकाजातले तंटे निबंधकाकडे किंवा त्याने ठरवलेल्या लवादाकडे जावेत, असे नियम करण्याची सोय त्यात झाली. पुढे सहकार प्रांतांकडे आला आणि मुंबई प्रांताने १९२५ चा स्वतःचा कायदा केला. त्याच्या कलम ५४ खाली निबंधक किंवा त्याचा प्रतिनिधी तंटा ऐकू लागला. २६ जानेवारी १९६२ पासून महाराष्ट्राचा १९६० चा कायदा लागू झाला आणि कलम ५४ ची जागा कलम ९१ ने घेतली. निबंधकाच्या प्रतिनिधीऐवजी सहकार न्यायालय आले ते १९७४ च्या दुरुस्तीने. म्हणजे पंचाकडून सुरू झालेली वाट अखेर न्यायालयातच पोचली. संस्थेचा 'कारभार' म्हणजे नेमके काय, यावरच किती वाद झाले! १९६८ साली एका सहकारी बँकेच्या इमारतीतल्या भाडेकरूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या शब्दाचा अर्थ आखडता घेतला. संस्थेचा प्रत्येक व्यवहार म्हणजे तिचा कारभार नव्हे, असे त्याने ठरवले.

पण मला खटकते ते वेगळेच. संस्थेला पैसे वसूल करायचे असतील तर कायदा तिच्यासाठी धावतो. कलम ९२ पाहा. सभासदाकडून येणे असलेल्या रकमेच्या तंट्याची मुदत मोजायची ती तो वारल्यापासून किंवा त्याचे सभासदत्व संपल्यापासून. तो सभासद आहे तोवर मुदतीचे घड्याळ चालतच नाही. १८५९ च्या मुदतीने सावकाराला घाई लावली आणि रयत भरडली गेली. त्यावरचा हा उपाय म्हणावा, तर त्याचा लाभ संस्थेला. कलम १०१ मूळचे शेतकी कर्जासाठीचे. पुढे पतसंस्था आणि पगारदारांच्या संस्थाही त्यात आल्या. निबंधकाने वसुलीचा दाखला दिला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. त्याविरुद्ध पुनरीक्षण मागायचे तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

पगारदारांच्या संस्थेत तर कलम ४९ प्रमाणे हप्ता पगारातूनच कापला जातो. आम्हा शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. आमच्या शिक्षकखोलीत जामीनदाराची सही मागायला कोणी आला की सगळे एकदम वह्या तपासू लागतात. उर्दूत 'ज़ामिन' म्हणजेच हमी देणारा माणूस. मराठीने 'जामीन' घेतला आणि त्याला आणखी एक 'दार' जोडला. कर्ज, रक्कम, मुदत, दावा, वसुली, जप्ती हे सारे शब्द फारसी-अरबीतून आलेले. उर्दू माध्यमाच्या शिक्षकाला सहकार खात्याची नोटीस वाचायला म्हणूनच शब्दकोश लागत नाही. भरायला पैसे मात्र लागतात.

आता बाजू उलटी करून पाहा. पैसे संस्थेकडे अडकले आहेत आणि मागणारा ठेवीदार आहे. २००७ नंतर जळगाव जिल्ह्यातल्या अनेक पतसंस्थांच्या दारात हीच वेळ आली. ठेवीदाराला कलम १०१ सारखा दाखला मिळत नाही. त्याने कलम ९१ खाली दावा लावायचा आणि तारखा मोजायच्या. संचालकांनी नुकसान केले असेल तर कलम ८३ ची चौकशी, मग कलम ८८ खाली जबाबदारी ठरवणे. तोवर म्हातारा ठेवीदार दवाखान्यात.

दोन वाटा मात्र नंतर उघडल्या. १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याने मालमत्ता जप्तीचा आणि विशेष न्यायालयाचा मार्ग दिला. दुसरी वाट तामिळनाडूतून आली. तिथल्या एका शेतकी पतसंस्थेकडे भाताची पोती तारण ठेवलेल्या सभासदांनी ग्राहक मंचाकडे धाव घेतली. सहकार कायद्यात वेगळी सोय असली तरी ग्राहक मंचाचे दार बंद होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये दिला. महाराष्ट्रातल्या ठेवीदारांनाही या निकालाचा आधार मिळाला. हुकूम हाती आला तरी तिजोरी रिकामी असेल तर पुन्हा वसुलीची पायपीट आहेच.

बँकेतल्या ठेवीला विमा असतो. सहकारी बँकांनाही तो आहे आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा पाच लाख रुपये आहे. पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. तिला नावात 'बँक' हा शब्द वापरण्याचीही मुभा नाही. आपल्या वस्तीतल्या बायाबापड्या तिला बँकच म्हणतात आणि ठेवपावतीवरचा नोंदणी क्रमांक दाखवून निर्धास्त असतात. तो क्रमांक निबंधकाकडच्या नोंदणीचा आहे. विम्याशी त्याचा काही संबंध नाही.