कान्होबांचा अर्धा वाटा



चाळीस वर्षे मी कीर्तनातून देहूच्या कागदांची कथा सांगितली. आता गळा साथ देत नाही, म्हणून वीणा खुंटीला लावून घरी बसलो आहे. घरी बसल्यावर उमगले की ती कथा मी अर्धीच सांगत होतो.

कथा तुम्हाला ठाऊक आहे, तरी पुन्हा सावकाश पाहू. तुकोबारायांच्या घरी महाजनकीचे वतन, शेती, दुकान, सावकारी. थोरले सावजी वृत्तीने विरक्त, म्हणून बोल्होबांनी कारभार मधल्या तुकोबांवर सोपवला. पुढे आईवडील गेले. पत्नी वारल्यावर सावजी तीर्थाटनाला निघून गेले. 1630च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, पहिली पत्नी रखुमाई अन्नावाचून गेली, लहानगा संतूही गेला. धाकट्या कान्होबांना आता वडीलधारे म्हणून उरले ते तुकोबाच. नाते भावाचे, पण जागा बापाची.

तुकोबा भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. शोधत शोधत कान्होबा तिथे पोहोचले. दोघे इंद्रायणीकाठी आले. तुकोबांनी घरातली कर्जखते मागवली आणि ती डोहात सोडायचे ठरवले. महिपतीबुवा ताहराबादकरांनी हा प्रसंग गायिला आहे. त्या वेळी कान्होबा स्पष्ट बोलले. भावार्थ असा की, दादा, तुम्ही साधू झालात, पण मला बायकापोरे पोसायची आहेत. येणे बुडाले तर आम्ही खायचे काय?

इथे मी कीर्तनात जरा थांबायचो. कान्होबांचा आवाज चिरका काढायचो आणि श्रोते हसायचे. मग पुढचा पाऊण तास तुकोबांच्या वैराग्यावर.

गेल्या आषाढीनंतर माझा मुलगा घरी आला होता. चाकणला कंत्राटी कामावर आहे. घराचा हप्ता आहे, दोन पोरांच्या शाळा आहेत. आम्ही दोघे काशीला जायचे ठरवत होतो. तो एकदम म्हणाला, "तुम्हाला काय, आप्पा! शेत खंडाने दिलंय, बँकेत ठेव आहे, वारी झाली की काशी. इकडे मला रात्रीची झोप नाही."

राग आला. आईबापाची सेवा कशी असते हे त्याला सुनवावे म्हणून पुंडलिकाचे नाव ओठावर आले. तेवढ्यात तो आवाज ओळखीचा वाटला. ज्या आवाजाची मी चाळीस वर्षे नक्कल केली, तोच आवाज माझ्या ओसरीवर बोलत होता. आणि समोर तुकोबा नव्हते, मी होतो. तुकोबांची निश्चिंती सर्वस्व सोडून आलेली. माझी निश्चिंती ठेवीच्या व्याजावर उभी!

त्या रात्री कथा नव्याने आठवली. तुकोबांनी कान्होबांना वैराग्याचा उपदेश केला नाही. माझ्यासारखे हो, असेही म्हटले नाही. कागदांचे दोन वाटे केले, अर्धे कान्होबांच्या हाती दिले आणि फक्त आपलेच अर्धे इंद्रायणीत सोडले. माउली, दुसरी बाजूही पाहा. कान्होबांना हवे होते म्हणून सगळेच दिले असेही नाही. आपल्या वाट्याचे काय करायचे ते तुकोबांनी स्वतः ठरवले.

पुढे काय झाले? तेच कान्होबा चौदा टाळकऱ्यांत उभे राहिले. 1650 साली तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा त्या वियोगाने त्यांनी केलेले अभंग आजही गाथेत आहेत. ते वाचावेत. मनात अढी राहिलेल्या माणसाला असे रडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलापुढे बँकेचे पुस्तक उघडले. आजवर कधी दाखवले नव्हते. आम्हा दोघांच्या औषधपाण्यापुरते आणि वारीपुरते बाजूला काढले, आणि ते आमचे असे स्पष्ट सांगितले. उरलेल्याचे मुलाला आणि मुलीला सारखे वाटे केले. मुलगी सासरी गेली म्हणून तिचा वाटा सुटत नाही, कायद्याने नाही आणि मायेनेही नाही. त्याचे कर्ज त्यात फिटले नाही. पुस्तक पाहून तो एवढेच म्हणाला, "मला वाटलं होतं, खूप असेल." आमच्या सुखाचा त्याने मनात केवढा डोंगर केला होता! तो माझ्या न बोलण्यातूनच वाढला होता.

अजून तो मोजकेच बोलतो. पण रविवारी फोन करतो आणि आईच्या गुडघ्याची चौकशी करतो. काशीला आम्ही माघात जाऊन आलो.

माउली, मुलांना आपण पुंडलीक सांगतो, आणि तो सांगावाच. पण आईबापांना कान्होबा कोण सांगणार? तुमच्या ओसरीवर तो आवाज आला तर हसू नका, रागावू नका. आधी त्याचा वाटा त्याच्या हाती द्या, मग आपला वाटा खुशाल विठोबाला वाहा.

रामकृष्ण हरि.