फिरत्या घराची पाठशाळा

पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द चालू होती त्या काळची ही हकीकत. रामचंद्रशास्त्री साठे हे विद्वान पेशव्यांच्या वाड्यात बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाई यांना संस्कृत शिकवीत असत. त्यांच्या शिष्यांत अनंतशास्त्री डोंगरे नावाचा एक तरुण होता. गुरूंबरोबर वाड्यात जाता-येता बाईसाहेबांच्या मुखातून निघणारे संस्कृत श्लोक त्याच्या कानी पडले, आणि आपणही आपल्या पत्नीला ही विद्या द्यायची असे त्याच्या मनाने घेतले.

मंगळूरकडच्या आपल्या गावी परतल्यावर त्याने तो प्रयत्न करूनही पाहिला. पण घरच्या वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही आणि पत्नीलाही गोडी लागली नाही. पुढे तिचे निधन झाले. यात्रेला निघालेल्या अनंतशास्त्र्यांना गोदावरीच्या काठी एका यात्रेकरू ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी देऊ केली. शास्त्रीबुवांचे वय त्या वेळी चव्वेचाळीस होते. हा विवाह आजच्या दृष्टीला खुपतो, आणि तो खुपायलाच हवा. परंतु त्या मुलीला, लक्ष्मीबाईंना, या विवाहातून जे मिळाले ते त्या काळच्या हजारो बालवधूंना मिळाले नाही, हेही तितकेच खरे.

शिक्षणाला पुन्हा विरोध होऊ लागला तेव्हा शास्त्रीबुवांनी घरच सोडले. सह्याद्रीच्या दाट रानात, तुंगा आणि भद्रा जेथे उगम पावतात त्या गंगामूळ येथे ते पत्नीला घेऊन गेले. पहिली रात्र उघड्यावर गेली. दरीपलीकडे वाघाच्या डरकाळ्या चालू होत्या. मुलगी पासोडीत स्वतःला गुंडाळून भीतीने कापत पडली होती आणि शास्त्रीबुवा उजाडेपर्यंत पहारा करीत होते. तशा त्या रानात लक्ष्मीबाईंचे अध्ययन सुरू झाले. उडुपीच्या माध्व पीठाने शास्त्रीबुवांना जाब विचारला, तेव्हा स्त्रियांना संस्कृत शिकविण्यास शास्त्राची आडकाठी नाही हे त्यांनी ग्रंथांचे आधार दाखवून प्रतिपादिले. वेद मात्र त्यांनी पत्नीला किंवा मुलींना शिकविले नाहीत. परंपरेची ती एक वेस त्यांनी ओलांडली नाही.

याच रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आल्यागेल्या अतिथींच्या आणि विद्यार्थ्यांच्या पाहुणचारात घरची पुंजी संपत आली होती. मुलगी सहा महिन्यांची असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून एका माणसाने डोक्यावरून डोंगराखाली आणले. त्यानंतर या घराला छप्पर असे उरलेच नाही. देवळात, नदीकाठी किंवा एखाद्या झाडाखाली पुराण वाचावे, ऐकणाऱ्यांनी समोर ठेवलेले धान्य, फळे, चार पैसे यांवर गुजराण करावी आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम अनेक वर्षे चालला.

शाळा नाही, पाटी नाही, उद्याचा मुक्काम कोठे याचीही खात्री नाही. अशा संसारात स्थिर राहिली ती एकच गोष्ट: पहाट. रमाबाई आठ वर्षांच्या झाल्या तेव्हा वडील फार थकले होते. थोरल्या मुलांना त्यांनी शिकविले तसे धाकटीला शिकविणे त्यांना झेपेना. ते काम आईने उचलले. दिवसभर स्वयंपाकपाणी आणि पाहुण्यांची ऊठबस यांतून तिला सवड अशी मिळतच नसे. म्हणून पाखरे किलबिलू लागण्याच्या सुमारास ती झोपेने जडावलेल्या मुलीला उचलून मांडीवर घेई, लाडाने बोलून जागी करी आणि पाठ सुरू होई. पुस्तक नव्हते. आईच्या ओठांवरचा शब्द मुलीने उचलावा, पुन्हा म्हणावा, तोंडपाठ करावा. व्याकरण, भागवत, पुराणे या रीतीने मुलीच्या मुखी बसली. मराठी तर घरात शुद्ध बोलली जात असल्यामुळे वेगळी शिकावीच लागली नाही. कानडी, हिंदुस्थानी, बंगाली या भाषा प्रवासाने दिल्या. सुमारे पंधराव्या वर्षापर्यंत हा परिपाठ चालला. पुढचे शिक्षण मुलगी स्वतःच्या बळावर चालवू शकेल इतकी तिच्या मनाची तयारी आईने करून दिली, असे रमाबाईंनी पुढे कृतज्ञतेने नमूद केले आहे.

या घराच्या शिक्षणाला एक मोठे छिद्रही होते. पोटापाण्याची कोणतीही विद्या त्यात नव्हती. इंग्रजी नको, धंद्याचे ज्ञान नको, अंगमेहनत तर ब्राह्मणाला कमीपणाची. उरलीसुरली पुंजी दानधर्मात गेली आणि मद्रास इलाख्यातील दुष्काळाने गाठले, तेव्हा श्लोक मुखोद्गत असलेले हे कुटुंब रानातला पाला खाऊन दिवस काढू लागले. अखेर मुलगा श्रीनिवास मजुरी करण्यास तयार झाला, पण तोवर फार उशीर झाला होता. १८७४ मध्ये वडील गेले, त्यानंतर दीड महिन्याच्या आत आई गेली आणि पुढे थोरली बहीणही गेली. बहीणभाऊ पायी हिंडत राहिले. १८७८ साली ते कलकत्त्यास पोचले. तेथील विद्वानांनी त्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत रमाबाईंनी शारदा सदन उघडले आणि पुढे केडगावला मुक्ती सदन उभे केले. तेथे वाचन-लेखनाबरोबर शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. दुष्काळातून आलेल्या मुलींना हाताचे काम शिकविले जाई. आईबापांच्या पाठशाळेतील उणीव या बाईंनी उपाशीपोटी अनुभवली होती. त्यामुळे हे योगायोगाने घडले असे मानवत नाही.

'दि हाय-कास्ट हिंदू वुमन' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झाले. ते त्यांनी अर्पण केले लक्ष्मीबाईंना. मुखाने शिकण्याची ती जुनी सवय अखेरपर्यंत सुटली नाही. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला, तो बायबल मुळावरून मराठीत आणण्यासाठी. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, त्याच्या अगदी थोडे आधीपर्यंत त्या या भाषांतराच्या कामात गुंतल्या होत्या.