‘गाणी भरून मिळतील’

पुस्तकी मराठीत गाणे ‘ध्वनिमुद्रित’ होते. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या टापूत ते ‘भरले’ जात असे. कणगीत ज्वारी भरावी, तशी कॅसेटमध्ये गाणी भरायची. शेगावच्या बाजारात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की संध्याकाळी भरलेली कॅसेट हाती पडे. ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी त्या काळात महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी होती. ज्यांना दुकानाचे पैसे परवडत नसत किंवा ज्यांची निवडच निराळी असे, ते घरी रेडिओवरून भरत. या दुसऱ्या प्रकाराचा इतिहास कोणी लिहिलेला नाही, कारण त्यात ना नफा होता, ना खटला. तरीही हिंदुस्थानातल्या संगीत व्यवसायाची आणि श्रोत्याची खरी गाठ तिथेच पडली होती. घरी भरलेली ती कॅसेट कायदेशीर होती का, या साध्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर कायद्याने द्यायला ५५ वर्षे घेतली. उत्तर आले तेव्हा कॅसेट उरली नव्हती.

फितीच्या आधीही श्रोते रेडिओ साठवत होते, पण पेन्सिलीने. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. सीताकांत लाड यांची योजना, माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत. वर्षभरात ५६ गीते. घरोघरी वह्या घेऊन बसलेले लोक गाणे चालू असताना शब्द उतरवून घेत, आणि सुटलेली ओळ पुनःप्रसारणाच्या वेळी पुरी करत. त्या मूळ प्रसारणात अनेक गायक-गायिका होत्या. पुढे तबकड्या आणि कॅसेटींतून घरोघरी पोहोचले ते मुख्यतः एकट्या फडक्यांच्या आवाजातले गीतरामायण. एकच कृती, पण रेडिओवरची निराळी आणि बाजारातली निराळी. श्रोत्याला रेडिओवरचेच का भरावेसे वाटे, याचे एक कारण इथे दिसते. रेडिओवर जे लागे ते पुष्कळदा दुकानात मिळतच नसे.

संगीत व्यवसायाचे रेडिओशी पहिले भांडण झाले, त्यातही श्रोत्याचा संबंध नव्हता. १९५२मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कैवारी. चित्रपटगीतांबद्दल त्यांचे मत फारसे बरे नव्हते. गाण्यांची छाननी सुरू झाली, गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगायचे की नाही यावरून निर्मात्यांशी वाद पेटला आणि निर्मात्यांनी परवाने काढून घेतले. मग श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे गेले. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू करून सरकारला परत फिरावे लागले. या प्रकरणात व्यवसायाची भूमिका लक्षात ठेवण्यासारखी आहे: आमचे गाणे वाजवा, मात्र चित्रपटाचे नाव घेऊन वाजवा. रेडिओ ही त्यांच्या दृष्टीने दवंडी होती. दवंडी ऐकून माणसाने थेटरात जावे, तबकडी घ्यावी. ग्रामोफोन आणि तबकड्या कापूसवाल्या गावातही चार-दोन घरांपलीकडे परवडत नव्हत्या, आणि बाजार बव्हंशी एकट्या एचएमव्हीच्या हातात होता, म्हणून हा हिशेब कोणाला खटकला नाही. दवंडीच कोणी घरात साठवून ठेवील, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

त्याच १९५७मध्ये आजचा कॉपीराइट कायदा मंजूर झाला. त्यातल्या ५२व्या कलमात, खासगी अभ्यासासाठी किंवा संशोधनासाठी केलेला न्याय्य वापर हा हक्कभंग नव्हे, अशी सवलत आहे. परंतु ही सवलत वाङ्मयीन, नाट्य, सांगीतिक आणि कलात्मक कृतींपुरती होती. ध्वनिमुद्रिकेचा तिच्यात उल्लेख नव्हता. एका गाण्यात कायद्याला तीन वस्तू दिसतात: शब्द, चाल आणि मुद्रण. म्हणजे गीतरामायणाचे शब्द अभ्यासासाठी वहीत उतरवणारा या सवलतीत बसत होता, चालीचे स्वरलेखन करणाराही बसत होता. मुद्रित गाणे जसेच्या तसे फितीवर घेणारा मात्र बाहेर राहिला. यात दुष्टपणा नव्हता. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ग्रंथालयात बसून उतारा लिहून घेणारा विद्यार्थी होता. टेपरेकॉर्डर तेव्हा रेडिओ केंद्रांत किंवा श्रीमंताच्या दिवाणखान्यात असायचा.

फिलिप्सने १९६३मध्ये छोटी कॅसेट काढली आणि सत्तरच्या दशकात आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या सामानातून ‘टू-इन-वन’ आपल्याकडे आले. रेडिओ आणि टेप एकाच खोक्यात. ही जोडणी या गोष्टीतला खरा वळणबिंदू आहे, कारण आता मध्ये वायर लागेना, माइक लागेना, की घरातल्यांना गप्प बसवावे लागेना. दोन खटके एकदम दाबले की काम सुरू. गंमत अशी की खोक्यातल्या रेडिओसाठी पोस्टात जाऊन वर्षाचा परवाना काढावा लागे (तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालला), शेजारच्या टेपला मात्र कसलाही परवाना नव्हता. ऐकण्यावर सरकारची नजर होती, साठवण्यावर कोणाचीच नव्हती.

या कामाचे कसब होते. निवेदकाचे वाक्य संपता संपता खटका दाबायचा, नाहीतर गाण्याचा पहिला सूर जायचा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत पातळ, ती अडकते, म्हणून जाणकार साठ मिनिटांचीच घेत. विकत घेतलेल्या कॅसेटच्या कडेचे प्लास्टिकचे पान मोडलेले असे, म्हणजे तिच्यावर दुसरे भरता येऊ नये. त्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला की कीर्तनावर लावणीही भरता येई. सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाळ्यात मध्यम लहरी खरखरत आणि ती खरखरही भरली जाई. वीज गेली तर गाणे आधी जड होत जाई आणि मग थांबे.

युरोप-अमेरिकेत हाच उद्योग युद्धाचे कारण झाला होता. पश्चिम जर्मनीने १९६५च्या कायद्यातच घरगुती मुद्रणाला मोकळीक दिली आणि बदल्यात टेपरेकॉर्डरच्या किमतीत कलावंतांचा वाटा बसवला. ब्रिटनमधल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी १९८१मध्ये घरी गाणी भरणाऱ्यांविरुद्ध मोहीम काढली. तिचे चिन्ह होते कवटीच्या जागी कॅसेट आणि खाली दोन हाडे. १९८४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की नंतर पाहण्यासाठी घरी टीव्हीवरचा कार्यक्रम भरून ठेवणे हा हक्कभंग नव्हे, आणि त्यासाठी यंत्र विकणारी सोनी दोषी नाही. भारतात यातले काहीच घडले नाही. कोऱ्या कॅसेटवर कलावंतांचा वाटा बसवणारी तरतूद आपल्याकडे कधीच आली नाही. माझ्या मते ती यायला हवी होती. चार-आठ आण्यांनी कॅसेट महागली असती, आणि गीतकार-संगीतकारांना त्यांचा पैसा तिथूनच मिळू लागला असता.

आपल्याकडे लढाई झाली ती दुकानांची. १९८३मध्ये गुलशन कुमार यांनी सुपर कॅसेट्सचा, म्हणजे टी-सीरीजचा, पसारा उभा केला. जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या आवृत्त्या त्यांनी कायद्यातल्या एका फटीचा आधार घेऊन स्वस्तात काढल्या आणि एचएमव्हीचे दुकान खिळखिळे झाले. पानपट्टीवर, किराणा दुकानात, यात्रेत, देवळाबाहेर कॅसेट दिसू लागली. त्याच सुमारास चोरट्या कॅसेटींचा सुळसुळाट झाला, म्हणून १९८४ला कायदा कडक करण्यात आला: किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद, ५० हजार ते २ लाख रुपये दंड. निशाण्यावर होते ते कारखाने आणि ‘भरून मिळतील’वाले. पण शब्द सर्वांना लागू होते. साठ मिनिटांत बारा गाणी भरणारा घरातला पोरगा कागदावर त्याच कलमाखाली येत होता. पुढे १९९४च्या दुरुस्तीने, धंद्यासाठी न केलेल्या भंगाला शिक्षा कमी करण्याची मुभा न्यायाधीशांना दिली. त्याच दुरुस्तीने आणखी एक मोठी गोष्ट केली. प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेचा जो हक्क असतो, त्याला ३९व्या कलमात अपवाद आला: स्वतःच्या खासगी उपयोगासाठी केलेले मुद्रण हा त्या हक्काचा भंग नाही. म्हणजे आकाशवाणीची हरकत संपली. गाण्याच्या मालकाची संपली की नाही, हे कायद्याने सांगितले नाही. ५२व्या कलमात ‘खासगी उपयोग’ हे शब्द आले, पण ध्वनिमुद्रण तेव्हाही यादीबाहेरच राहिले. ही गप्प जागा २०१२ला भरली. ‘कोणतीही कृती’ असे शब्द घालून संसदेने संगणक प्रणाली सोडून सगळ्यांनाच खासगी वापराची सवलत लागू केली.

तोवर रेडिओ बदलला होता. एशियास्टार हा वर्ल्डस्पेसचा उपग्रह २०००च्या मार्चमध्ये वर गेला आणि वर्गणी भरून ऐकायचा डिजिटल रेडिओ भारतात आला. खरखर नाही, जाहिराती नाहीत. शास्त्रीय संगीताला ‘गंधर्व’ ही स्वतंत्र वाहिनी. उपग्रहाला संग्रामपूर आणि मुंबई सारखीच. पण ध्वनिलहरी कुलूपबंद होत्या, आणि किल्ली कंपनीकडे. २००९च्या अखेरीस कंपनीने भारतातली सेवा बंद केली, आणि घराघरांतली यंत्रे एका रात्रीत मुकी झाली. ज्यांनी यंत्रातून वायर काढून संगणकावर गाणी भरून ठेवली होती, त्यांच्याकडे तेवढीच उरली. आकाशवाणीने पुढे डीआरएम पद्धतीचे तीसहून अधिक डिजिटल प्रक्षेपक मध्यम लहरींवर उभारले, पण ते ऐकण्याचे यंत्र गावात कोणाकडे?

डिजिटल रेडिओवरून घरी भरण्याचा सरळ खटला उभा राहिला तो अमेरिकेत. एक्सएम या उपग्रह रेडिओने २००६ला खिशात मावणारे यंत्र काढले. त्यात प्रसारणातली गाणी वेगवेगळी सुटी होऊन सुमारे ५० तासांपर्यंत साठत. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या न्यायालयात गेल्या. एक्सएमचा बचाव असा की १९९२च्या कायद्याने घरगुती डिजिटल मुद्रण मोकळे केले आहे. कंपन्यांचे म्हणणे, तुम्ही प्रसारणाचा परवाना घेऊन विक्री करता आहात. २००७ला न्यायालयाने दावा फेटाळण्यास नकार दिला, आणि पुढे तडजोडी झाल्या.

हाच वाद बारा-तेरा वर्षांनी मुंबईत आला. एअरटेलच्या ‘विंक’ अ‍ॅपवर वर्गणीदाराला गाणी फोनमध्ये साठवता येत. टिप्स कंपनीशी दराची बोलणी फिसकटली, तेव्हा विंकने दोन ढाली पुढे केल्या. एक, २०१२च्या ३१-ड कलमाचा प्रक्षेपकांसाठीचा परवाना. दुसरी, आमचा ग्राहक खासगी उपयोगासाठी साठवतो, ते कायदेशीर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९मध्ये दोन्ही नाकारल्या. ३१-ड हे रेडिओ-टीव्हीपुरते, इंटरनेटला नाही; गाणे साठवू देणे ही विक्री किंवा भाड्याने देणे; आणि ग्राहकाच्या खासगी वापराआड कंपनीला आपला धंदा लपवता येणार नाही. २०२२मध्ये खंडपीठाने हा निकाल कायम केला. निकाल बरोबर आहे, असेच मला वाटते. विंक हा पाटीवाला होता, खटके दाबणारा पोरगा नव्हे. २०२४ला एअरटेलने विंक बंद करायचे ठरवले. अ‍ॅपमध्ये ‘साठवलेली’ गाणी ही अ‍ॅपचीच होती.

जगभरच्या नभोवाणी केंद्रांत महागड्या फिती पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती, आकाशवाणीही तिला अपवाद नव्हती. त्यामुळे कित्येक मराठी श्रुतिका, मुलाखती, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम केंद्रांत सापडत नाहीत. गाणी कंपन्यांकडे आहेत. घरच्या कॅसेटीत मात्र दोन गाण्यांमधले निवेदन आहे, अर्धवट कापलेले बाजारभाव आहेत, केंद्राचे नाव घेणारा आवाज आहे. व्यवसायाला ज्या तुकड्यांत काडीचाही रस नव्हता, तेच आज इतिहासाचे साधन झाले आहेत.

२०१२च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांनाही एक दार उघडले: ग्रंथालयाजवळ कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते, पण धंदा नको. तालुक्याच्या वाचनालयाने गावातल्या जुन्या कॅसेटी मागून घेतल्या, तर त्या ‘प्रती’ ठरतील का, हे अजून कोणी न्यायालयाला विचारलेले नाही. विचारायच्या आधी काम सुरू करावे लागेल, कारण विदर्भाच्या उन्हाळ्यात फीत चिकटते आणि पावसाळ्यात तिला बुरशी लागते. आणि टेपचा पट्टा बदलून, हेड साफ करून देणारा मेकॅनिक शोधायला आता संग्रामपूरहून खामगाव गाठावे लागते, तेही आधी फोन करून.