नालकुंतल आणि गिअरबॉक्स

मंडळी, शीर्षक वाचून दचकू नका! 'नालकुंतल' हा शब्द मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. नळीच्या आकारात गुंडाळलेल्या तारेतून वीज सोडली की ती लोहचुंबकासारखी वागते, तेच हे नालकुंतल. इंग्रजीत सोलेनॉइड. फ्रेंच शास्त्रज्ञ आंपेअरने ग्रीक भाषेतल्या 'नळी' या अर्थाच्या शब्दावरून ते नाव पाडले. मी जन्मभर इतिहास शिकवला, पण मोटारीच्या पोटातल्या या बोटभर वस्तूलाही इतिहास आहे.

१९३९ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने ओल्डस्मोबिल गाडीसाठी 'हायड्रामॅटिक' हा गिअरबॉक्स आणला. क्लचचे पेडलच नाही, गिअर आपोआप पडणार! त्यात संगणक कुठला? सगळा कारभार तेलाचा. गाडीच्या वेगाबरोबर एक दाब वाढे, ॲक्सिलरेटरबरोबर दुसरा. दोघांच्या रेटारेटीत झडप सरके आणि गिअर बदले. बिघाड झाला की मेकॅनिक तेलाचा रंग पाही, जळका वास येतो का बघे, दाबमापक लावी.

१९८० च्या दशकात हा निर्णय संगणकाकडे गेला. संगणक हुकूम सोडतो, सोलेनॉइड तेलाची वाट उघडतो किंवा बंद करतो. त्या काळातल्या टोयोटा कॅमरीच्या ए १४० ई गिअरबॉक्सात गिअर बदलणारे सोलेनॉइड दोनच, गिअर मात्र चार! पहिल्या गिअरला पहिला सोलेनॉइड चालू, दुसरा बंद. दुसऱ्या गिअरला दोन्ही चालू. तिसऱ्याला पहिला बंद, दुसरा चालू. चौथ्याला दोन्ही बंद.

आता समजा, कचरा अडकून दुसरा सोलेनॉइड 'बंद' स्थितीतच राहिला. वरचे कोष्टक पुन्हा वाचा. दुसरा गिअर मागितला तरी पहिलाच मिळेल, तिसरा मागितला तर एकदम चौथा! म्हणजे कोणते गिअर मिळतात आणि कोणते नाहीत, एवढ्यावरून कोण रुसले आहे ते ओळखता येते. सातवीच्या मुलालाही जमेल असे हे गणित आहे.

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून गाड्यांना बिघाडाचे सामाईक क्रमांक सक्तीचे झाले. पी ०७५० म्हणजे पहिल्या सोलेनॉइडची तक्रार, पी ०७५५ म्हणजे दुसऱ्याची. यंत्र जोडा, क्रमांक वाचा. सोय झाली खरी, पण त्याबरोबर एक आळसही आला.

माझ्या पुतण्याला तिकडे त्याचा अनुभव आला. जुनी गाडी, क्रमांक उमटला पी ०७५५. एका गॅरेजने सरळ अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितला. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या वर! नोकरी नवी, घरात तान्हे मूल, आणि कामावर जायला दुसरी सोय नाही. सुदैवाने दुसरा मेकॅनिक जुन्या वळणाचा निघाला. त्याने गिअरबॉक्सकडे जाणारा प्लग काढला आणि मीटरने सोलेनॉइडचा रोध मोजला. (वर सांगितलेल्या टोयोटात तो ११ ते १५ ओहम असावा लागतो. अनंत आला तर तार तुटलेली, शून्याजवळ आला तर आतल्या आत जोडली गेलेली.) रोध बरोबर आला. मग बॅटरीची वीज क्षणभर देऊन पाहिली, 'टक्' आवाज आला. म्हणजे गुंडाळी शाबूत! शेवटी संगणकापासून येणारी तार तपासली, ती बॅटरीच्या खाली गंजून तुटलेली होती. वीतभर तारेत काम झाले.

तो क्रमांक खोटे बोलत नव्हता, बरे का! त्याचे म्हणणे एवढेच होते की या सोलेनॉइडच्या विजेच्या मार्गात कुठेतरी गडबड आहे. त्या मार्गात संगणक आला, तार आली, प्लग आला आणि सोलेनॉइडही आला. उलट कचऱ्याने झडप अडकली, तर वीज व्यवस्थित वाहते आणि जुन्या गाड्यांचा संगणक गप्पच बसतो. तिथे पुन्हा तेल आणि दाब पाहणे आलेच.

वर्गात मी मुलांना सांगत असे, बखर जरूर वाचा, पण तिच्यातली हकीकत त्या काळच्या पत्रांशी ताडून पाहा. गाडीच्या पडद्यावरचा क्रमांकही एक बखरच आहे. तिच्यावरून निकाल देण्याआधी मीटर लावून पाहायचे कष्ट कोणीतरी घ्यायला हवेत. पन्नास रुपयांच्या तारेपायी एखाद्याचे वर्षभराचे साठवलेले पैसे जाऊ नयेत, एवढेच म्हणणे.