अर्भकमृत्यू
जिवंत जन्मलेल्या मुलाचा वयाचे एक वर्ष पूर्ण होण्यापूर्वी होणारा मृत्यू. एका वर्षातील दर हजार जिवंत जन्मांमागे त्या वर्षी झालेल्या अशा मृत्यूंच्या संख्येस ‘अर्भक-मृत्युमान’ म्हणतात. त्यांपैकी पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंना ‘नवजात-मृत्यू’ ही स्वतंत्र संज्ञा आहे. पहिल्या महिन्यानंतरचे मृत्यू मुख्यत्वे अतिसार, न्यूमोनिया, कुपोषण इ. कारणांनी होतात. नवजात-मृत्यूंची मुळे मात्र बहुधा गर्भारपणात व प्रसूतीत असतात. मातेचे अल्पवय, रक्तक्षय, अपुरा आहार, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर व अखेरपर्यंतचे कष्टाचे काम, तसेच मुलाचा अपुऱ्या दिवसांचा जन्म, कमी वजन, जन्मतः श्वासावरोध व जंतुसंसर्ग हे त्यांतील प्रमुख धोके होत. महाराष्ट्रात या कारणांचे ज्ञान कसे होत गेले, हे दोन प्रसंगांवरून दिसून येते.

पहिला प्रसंग मुंबईचा. १९२१ मध्ये या शहरातील अर्भक-मृत्युमान नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे ६६६ इतके निघाले. हा आकडा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. कोकण व घाट या भागांतील अनेक कामगार स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात व मूल घेऊन मुंबईस परतत. त्यामुळे जन्माची नोंद गावी आणि मृत्यूची नोंद मुंबईत होई. तथापि घरांच्या आकारानुसार केलेली विभागणी बोलकी होती. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हे प्रमाण सुमारे ८२८, तर चार वा अधिक खोल्यांच्या घरांत सुमारे १३३ होते. नोंदणीतील दोष वजा जाता उरणारा फरकही मोठाच होता. अर्भकमृत्यूचे खापर त्या काळी आईच्या अज्ञानावर फोडले जाई व मुलाला अफू देण्याची चाल हा त्याचा पुरावा मानला जाई. परंतु प्रसूतीनंतर लवकरच गिरणीत परतावे लागणाऱ्या स्त्रीपुढे मूल दिवसभर झोपवून ठेवण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. अज्ञानाइतकीच ती परिस्थितीची सक्ती होती.

हा विचार हळूहळू कायद्यात उतरला. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले प्रसूतिसाहाय्याचे विधेयक संमत झाले नाही. मुंबई विधिमंडळात अशाच विधेयकावर १९२८ मध्ये बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रसूतीच्या आगेमागे मातेला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे असल्याचे सांगितले आणि तिचा भार मुख्यतः शासनाने उचलावा, मात्र मालकालाही त्यातून पूर्णपणे मुक्त ठेवू नये, अशी भूमिका घेतली. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ अधिनियम संमत झाला. भारतातील या प्रकारचा हा पहिला कायदा होय. त्यातील आर्थिक भार मात्र मालकावर टाकण्यात आला. १९६१ मध्ये याविषयी केंद्रीय अधिनियम झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. शेतमजूर व घरकामगार स्त्रियांना मात्र या तरतुदींचा लाभ क्वचितच मिळतो.

लसीकरण, अतिसारावरील जलसंजीवनी इ. उपायांनी पुढे एक महिन्यावरील मुलांचे मृत्यू घटले. भारताचे अर्भक-मृत्युमान १९७१ मध्ये १२९ होते. नवजात-मृत्यू त्या मानाने सावकाश कमी झाले. येथे दुसरा प्रसंग येतो. १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यात कार्य करणाऱ्या ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी १९९५–९६ मध्ये ३९ गावांतील ७६३ नवजात मुलांची घरी जाऊन पाहणी केली. त्यांपैकी ४२ टक्के मुलांचे जन्मवजन अडीच किलोग्रॅमपेक्षा कमी होते आणि निम्म्याहून अधिक मृत्यूंचे मुख्य कारण जंतुसंसर्ग हे होते. गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन मुलाचे वजन घेणे, त्याला ऊब देणे, स्तनपानास साहाय्य करणे, श्वासावरोधावर तातडीचे उपाय करणे आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविके देणे ही कामे त्यांच्याकडे सोपविण्यात आली. १९९३–९५ मध्ये ६२ असलेले तेथील नवजात-मृत्युमान १९९७–९८ मध्ये २५·५ वर आले. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत ते त्याच वेळी सुमारे ६० होते. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये केंद्र शासनाने ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम हाती घेतला.

२०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत अर्भक-मृत्युमान भारतात २८ व महाराष्ट्रात १६ होते. भारतातील नवजात-मृत्युमान त्या वर्षी २० होते. म्हणजेच अर्भकमृत्यूंपैकी सुमारे ७० टक्के मृत्यू पहिल्या महिन्यातच होत होते. प्रसूतीच्या वेळची व नंतरची सेवा सुधारल्यास यांतील अनेक मृत्यू टळतात, हे गडचिरोलीच्या प्रयोगाने दाखविले. परंतु कमी वजनाने जन्मणाऱ्या मुलांचे प्रमाण केवळ अशा सेवेने घटत नाही. त्यासाठी मातेचा आहार, विवाहाचे वय आणि गर्भारपणातील विश्रांती यांकडे वळावे लागते, आणि मुंबईच्या गिरणगावाने शंभर वर्षांपूर्वी उपस्थित केलेला प्रश्नही हाच होता.